कामगिरी बघायला पनवेलला

पनवेलला सहसा कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. मुंबईचा माणूस पुण्याला, पुण्याचा अलिबागला, कोकणातला गणपतीला, आणि सगळ्यांची गाडी पनवेलला दहा मिनिटं थांबते. मीही तीस वर्षं तेच केलं. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकराच्या मार्चात, मी पनवेलला मुद्दाम उतरले, पाच दिवस राहिले आणि एका सरकारी आरोग्य विभागाची वर्षभराची कामगिरी डोळ्यांनी बघून आले. अशा सहलीला कुणी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

मिरजेत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, दहाव्या-बाराव्याची कार्डं, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचे केसपेपर. आमचं मिरज दवाखान्यांचं गाव. आमच्या गल्लीत किराणा दुकानं तीन आणि हॉस्पिटलं सात, त्यामुळे माझं पोट चाललंय. माझा मावसभाऊ प्रकाश हाही डॉक्टर, पण सरकारी. पनवेलच्या बाजूच्या एका आरोग्य विभागाचा साहेब. फेब्रुवारीत त्याचा फोन आला.

"अक्का, पुस्तिका काढायचीय. वर्षभराची कामगिरी. चोवीस पानं, गुळगुळीत कागद. तू ये, बघ, लिही आणि छापून दे."

"तुझी कामगिरी चोवीस पानांची कधीपासून झाली?"

"फोटो मोठे टाकू की."

नावं सगळी बदलली आहेत आणि नेमकी गावं मुद्दाम सांगत नाही. का ते पुढं कळेल.

गुरुवार, पनवेल

स्टँडवर प्रकाश जीप घेऊन आला होता. बायको माहेरी गेलेली, त्यामुळे पाहुणीला घरी नेण्याआधी तो खानावळीत घेऊन गेला. तांदळाची भाकरी, सुकट आणि वरती सोलकढी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, हातात घेतली की वजन कळतं. ही पांढरीशुभ्र, मऊ, दोन घासांत संपली. मी चार खाल्ल्या तेव्हा खानावळवाल्या मावशी बाहेर येऊन कोण आलंय ते बघून गेल्या. सुकटीला मात्र मी मनापासून दाद दिली. तिखट नव्हती, पण वास असा की पुढचे दोन दिवस माझ्या पदराला येत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

जेवताना प्रकाश सांगत होता, यंदा आपला विभाग कसा पुढे आहे. मी म्हटलं, "पक्या, तू सातवीत गणितात नापास झालास ते मावशीला मी सांगितलं नव्हतं. माझ्यापुढं टक्केवारी नको." तेवढ्यावर तो भात कालवायला लागला.

शुक्रवार, कार्यालय

कामगिरी म्हणजे काय असतं ते शुक्रवारी कळलं. कामगिरी म्हणजे फीत. मला दाखवलेल्या फोटोंत निम्म्याहून जास्त फोटो फीत कापण्याचे होते. नव्या खोलीची फीत, नव्या पाण्याच्या टाकीची फीत. एका बाळांच्या वजनकाट्याचं उद्घाटन तर दोनदा झालेलं, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर उशिरा आला. दुसऱ्या खेपेला पाहुणे तेच, नारळ तोच, काट्यातलं बाळ मात्र वेगळं होतं. पहिलं घरी निघून गेलं म्हणे. मी म्हटलं, पहिल्याचा फोटो नाही आणि दुसऱ्याचं उद्घाटन नाही, खाली कुणाचं नाव घालू? कारकुनाने वहीत बघून सांगतो असं सांगितलं. तो ते सांगायला अजून यायचाय.

भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक उपकेंद्राची एक पट्टी. उपकेंद्र म्हणजे चार-सहा गावांसाठी एक नर्स, एक खोली आणि एक कुलूप. ज्या उपकेंद्राने जास्त मुलांना लसी टोचल्या त्याची पट्टी उंच आणि हिरवी, ज्याने कमी टोचल्या त्याची बुटकी आणि लाल. सगळ्यात उंच पट्टी होती रुबिना सिस्टरची, कळंबोलीच्या पलीकडच्या भागातली. सोमवारी सभागृहात तिला ढाल मिळणार होती. सगळ्यात बुटकी पट्टी नंदा सिस्टरची, चिरनेरच्या बाजूच्या डोंगराकडची.

"आणि हिला काय मिळणार?" मी विचारलं.

प्रकाशने टेबलावरचा कागद पुढे सरकवला. नंदा सिस्टरच्या बदलीचा प्रस्ताव. कारण: असमाधानकारक कामगिरी. ठिकाण: जिल्ह्याचं पार दुसरं टोक, जिथून घरी यायला अख्खा दिवस जातो. सही तेवढी बाकी होती.

"सोमवारी कार्यक्रम झाला की करतो. उगाच कार्यक्रमाआधी रडारड नको."

"तिच्या घरी कोण आहे?"

"सासू. अंथरुणाला खिळलेली. पण अक्का, वरून पहिला प्रश्न येतो, सगळ्यात खालच्यावर काय कारवाई केली? काहीतरी केल्याचं दाखवावं लागतं."

मी म्हटलं, पुस्तिकेत बुटकी पट्टीपण असते, मला ती बघायचीय. प्रकाशला वाटलं मी चेष्टा करतेय. त्याने दुसऱ्या दिवशी जीप दिली ती केवळ मला कार्यालयातून बाहेर घालवायला.

शनिवार, वाडी

पनवेलहून जासईच्या रस्त्याला लागलं की कंटेनर सुरू होतात. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कडेच्या मोकळ्या जागेत एकावर एक चार-चार रचलेले कंटेनर. आमच्याकडे रस्ता ऊस अडवतो, पण उसाच्या ट्रॉलीतून निदान एक कांडं ओढून खाता येतं. इथं दीड तास जीप हलली नाही आणि खायला काही नव्हतं. ड्रायव्हर शांतपणे उतरला, समोरच्या ट्रेलरवाल्याबरोबर तंबाखू मळून परत आला आणि म्हणाला, "बाई, बंदर हाय. असंच चालायचं."

नंदा सिस्टर उपकेंद्राच्या ओट्यावर उभी होती. पन्नाशीची, काटकुळी, नाकात चमकी, आणि चेहरा असा की तपासणीला आलेल्या माणसाला आधीच कंटाळलेली आहे. मी साहेबांची बहीण आहे आणि पुस्तिका लिहिणार आहे म्हटल्यावर तो कंटाळा आणखी वाढला.

"काय दाखवू? कुलूप नवीन हाय. फीत कापली नाय कुणी."

मला बाई तिथंच आवडली.

तिने मला चढावरच्या कातकऱ्यांच्या वाडीवर नेलं. लाल पट्टी तिथलीच होती. याच वाडीतली मुलं यादीत लसीवाचून राहिलेली दिसत होती. वाडी बघितली आणि मी उभीच राहिले. तीसेक घरं, आणि बहुतेकांच्या दारांना काट्या बांधलेल्या. दोन म्हातारे, एक म्हातारी, चार कोंबड्या. एकही मूल नाही. मार्चातली दुपार असूनही पोरांचा एक आवाज नाही, हे मला फार विचित्र वाटलं.

"दिवाळी झाली का सगळी वीटभट्टीवर जातात," नंदा सिस्टर म्हणाली. "पोरंबाळं घेऊन. येतात ती जूनला, पाऊस लागायच्या टायमाला. यादी हितली, पोरं तिकडं. आता सुया कुणाला मारू, कोंबड्यांना?"

उपकेंद्रात परत येऊन आम्ही जेवलो. तिने डब्यातून जवळ्याची चटणी काढली आणि अर्धी माझ्या भाकरीवर घातली. मी विचारलं, मग ही मुलं वर्षभर लसीवाचून राहतात का? ती कैरीची फोड मिठात बुडवत बसली.

"तुमचा भाऊ साएब हाय. तुमाला कसं सांगू?"

"तुमच्या साहेबाला मी चड्डी घालायला शिकवलंय. सांगा."

पहिल्यांदा ती हसली. मग म्हणाली, "उद्या मोकळ्या हाव तर चला माझ्यासंगती. पन पुस्तकात छापायचं नाय."

मी कबूल केलं. छापायचं नाही म्हणजे नाही.

रविवार, भट्टी

सकाळी सातला ती पनवेलच्या स्टँडवर आली, अंगावर साधी साडी, खांद्याला पिशवी. सहा जणांच्या रिक्षात आम्ही अकरा जण बसलो. कळंबोलीला लोखंडाचा बाजार लागतो. सळ्यांचे भारे, पत्र्यांची वेटोळी, ट्रकांच्या रांगा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक माणूस खुर्ची टाकून निवांत दाढी करून घेत होता. तिथून पुढे आणखी एक रिक्षा, मग पायी.

नंदा सिस्टरने आदल्या दिवशीच बजावलं होतं, चपला साध्या घाला. मी मिरजेच्या बाजारातून घेतलेल्या नव्या सँडल घातल्या. भट्टीच्या तोंडाशीच विटांच्या मातीचा खड्डा होता, वरून कोरडा दिसणारा. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, सँडल राहिली. दोन बायकांनी हात घालून ती शोधली, हसून हसून त्यांना बसावं लागलं. एक म्हणाली, ऱ्हाऊ द्या बाई, विटंत भाजून निघंल, कुणाच्या तरी भिंतीला लागंल. बाकीचा दिवस मी अनवाणी हिंडले.

रविवारी भट्टीचं काम बंद असतं, कारण बाजाराचा दिवस. दुपारनंतर सगळी बाजाराला जातात, म्हणून सकाळचे तीन तासच हाती असतात. रुबिना सिस्टर आधीच पोचली होती. गोरी, ठसठशीत, बुरख्यावरून पांढरा कोट घातलेला, हाताशी लसींचा बर्फाचा निळा डबा. भट्टी तिच्या हद्दीत येते. नवरा कुवेतला, सासर भट्टीजवळच्याच मोहल्ल्यात. तिने मला बघितलं आणि नंदा सिस्टरकडे बघितलं.

"या कोण?"

"साएबांची बहीण."

"या अल्ला. नंदाताई, तुम्हीच बुलावा दिला?"

"छापनार नाय बोलल्यात."

मग काम सुरू झालं. विटा रचून, वर ताडपत्री टाकून केलेली खोपटी, आणि ज्या खोपटीशी रुबिना जाई तिथलं पोर मागच्या मागे गायब. एका पोराला सोमी नावाच्या त्याच्या आईने कच्च्या विटांच्या ढिगाआड उभं केलं होतं आणि आमच्याकडे बघून शपथेवर सांगत होती, "पोर नाय, मामाकडं गेला." सुई टोचली की ताप येतो, ताप आला की आईचा कामाचा दिवस बुडतो. आणि सुई घेऊन आलेली बाई अनोळखी. लपवणारच की.

नंदा सिस्टर ढिगाकडे बघतसुद्धा नव्हती. खाली बसली आणि म्हणाली, "सोमे, तुज्या पोराला मी या हातांनी भायेर काढला. पायाकडनं येत होता, आठवतंय का? आनि मलाच बोलतेस मामाकडं गेला? तुला भाव कधी झाला?"

सोमी हसली, ढिगाआडून पोर निघालं. मग एकेक करून सगळ्याच खोपटींतून निघायला लागली. नंदा सिस्टरने पिशवीतून एक जाड वही काढली. कुठल्या पोराला कुठली लस झाली, कुठली राहिली, सगळं तिच्या अक्षरात. आयांकडची कार्डं कधीच हरवलेली, कुणी चूल पेटवायला घेतलेली. ती वही नसती तर रुबिनाला कुणाला काय टोचायचं ते कळलं नसतं. एक पोर धरायची, दुसरी टोचायची, आणि मध्ये मी अनवाणी उभी राहून गोळ्या-बिस्किटं वाटत होते. एक पोर बिस्कीट घेऊन वर माझ्या हाताला चावलं.

सगळं आटपल्यावर रुबिनाने तिचं सरकारी रजिस्टर उघडलं आणि आजची सगळी मुलं त्यात चढवली.

मी म्हटलं, "म्हणजे हे आकडे तुझ्या नावावर?"

"लस ज्या केंद्राची, नोंद त्या केंद्राची," रुबिना म्हणाली. "यांच्या वाडीच्या यादीत तीच मुलं बाकी दिसतात, माझ्याकडे जादा दिसतात. कसम से सांगते ताई, दर रविवारी मला शरम वाटते. मी म्हटलं आपण निम्मी-निम्मी लावू. तर रजिस्टरात तसा रकानाच नाही."

मला भिंतीवरचा तक्ता आठवला. हिरवी पट्टी आणि लाल पट्टी एकाच बाईची होती. मी रागाने नंदा सिस्टरला विचारलं, साहेबाला हे सांगत का नाही?

"सांगू काय? मी हद्दीच्या भायेर जातो, रविवारची, आर्डर नसताना? पयला हुकूम निघंल जायचं नाय म्हनून. मग हिला पोरं गावायची नायत आनि मला यायचं नाय."

रुबिनाने आम्हाला घरी जेवायला नेलं. खोबऱ्याच्या दुधातलं सांदण आणि बोंबलाचं कालवण. सांदण मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. आमच्या इडलीला लाजवेल असं मऊ, आणि गोडसर. तिची सासू मला आणखी वाढत होती आणि मुलगा काय करतो, सून काय करते, सगळं विचारत होती. आमच्याकडे सोयरीक जुळवायला आलेल्या बायका एवढी चौकशी करत नाहीत.

परतीच्या रिक्षात नंदा सिस्टर माझ्या शेजारी बसली होती. कळंबोलीच्या आसपास आपणहून बोलली.

"एक वरीस मी गेलो नव्हतो. तवा नवीनच होतो, हद्द म्हंजे हद्द, असं वाटायचं. जूनला वाडी परत आली. मी पोरं मोजली. दोन कमी. गोवर झाला भट्टीवर." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आयांनी मला काय बोलला नाय. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी तिचा हात धरला, आणि पनवेल येईपर्यंत सोडला नाही. मला फार रडू येत होतं आणि अकरा जणांच्या रिक्षात रडायला जागा नसते.

सोमवार, सभागृह

छापायचं नाही असं ठरलं होतं. सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. सोमवारी सकाळी पोह्यांची बशी प्रकाशच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. त्याच्या पोह्यांचा गोळा झाला.

"अक्का, हे तू मला सांगायलाच नको होतंस. आता मला माहीत झालं. कागदावर आलं तर हद्द सोडून गेली म्हणून आणखी एक कारवाई."

"आणि नाही आलं तर बदली. वा. तिनं करावं तरी काय, पोरांना गोवर होऊ द्यावा?"

तो उठून आंघोळीला गेला. तासभर आला नाही. लहानपणीही काही अंगाशी आलं की तो न्हाणीतच जाऊन बसायचा.

कार्यक्रम सभागृहात. पाहुणे दीड तास उशिरा. तोवर सत्काराचे नारळ मोजताना एक कमी भरला, म्हणून आधी सत्कार झालेल्याचा नारळ हळूच मागून घेऊन पुढच्याला देण्यात आला. माझ्यासमोर झालं. भाषणांत कामगिरी हा शब्द इतक्या वेळा आला की शेजारच्या बाई पेंगल्या. मग रुबिना सिस्टरचं नाव पुकारलं. ती ढाल घ्यायला उठली, पण स्टेजकडे सरळ गेली नाही. वळसा घालून शेवटच्या रांगेत गेली, नंदा सिस्टरपुढे क्षणभर उभी राहिली, आणि मग गेली. लोकांना वाटलं वाट चुकली. प्रकाशने ते बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर त्याने नंदा सिस्टरला बाजूच्या खोलीत बोलावलं. मीही घुसले. टेबलावर बदलीचा कागद होता. त्याने तो उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. मग बॅगेतून दुसरा कागद काढला, त्यावर सही केली आणि तिच्या हातात दिला.

मी वाचला. कारणे दाखवा नोटीस. कामगिरी असमाधानकारक का, याचा खुलासा करावा.

मी म्हटलं, "पक्या, इतक्या वर्षांच्या राख्या परत दे माझ्या."

"अक्का, ऐक तरी. वर विचारतात, कारवाई काय केली? बदली ही एक कारवाई. नोटीस ही दुसरी. नोटीस दिली, खुलासा आला, खुलासा मला समाधानकारक वाटला, विषय संपला. बदली नाही." मग नंदा सिस्टरकडे न बघता म्हणाला, "खुलासा आत्ताच लिहा, सिस्टर. मी बसलोय."

खुलासा आम्ही दोघींनी लिहिला. मजकूर माझा, अक्षर तिचं. वाडीतले लाभार्थी कामानिमित्त स्थलांतरित झाले असून त्यांच्या लसी पूर्ण करून घेण्यात येत आहेत. प्रकाशने दोनदा वाचलं.

"कुठं, कुणाकडून, ते मी विचारत नाही."

"विचारू नका, साएब."

त्याने खाली लिहिलं, खुलासा समाधानकारक. आणि तारीख घातली. "पट्टी पुढच्या वर्षीही लालच राहणार," तो म्हणाला. नंदा सिस्टर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

परत, मिरज

पुस्तिका मी छापली. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, फोटो मोठे. वजनकाट्याच्या बाळाला नाव घातलंच नाही. ढाल घेताना रुबिना सिस्टर एका पानावर आहे. नंदा सिस्टर कुठंच नाही. मी शब्द दिला होता. छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण जे छापलं नाही त्याचा एवढा अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

गेल्या आठवड्यात, पुन्हा मार्चात, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आक्का, नंदा बोलतो. आली."

"काय आलं?"

"नोटीस. यंदाची." आवाजात एवढा आनंद की माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तीसुद्धा इतकी खुश नव्हती. "म्हंजे अजून एक वरीस हितंच."

मी विचारू का नको करत विचारलं. "गेल्या जूनला वाडी परत आली, तेव्हा मोजली का पोरं?"

"मोजली," ती म्हणाली. "दोनदा मोजली. सगळी हायत."